आठ झरोके

१

कोन, ता. भिवंडी
२४ जुलै २०२५

ज्यांच्या करुणेला किनारा नाही त्या तथागतांना, त्यांनी दाखविलेल्या मार्गाला आणि त्या मार्गाने चालणाऱ्या संघाला प्रथम वंदन करतो. त्यांच्या कृपाछायेत बसून लिहिताना माझी लेखणी संयम सोडणार नाही अशी आशा धरतो. खात्री देत नाही.

चि. सुगत यास यादवकाकाचे आशीर्वाद.

फोन करू नकोस असे मी मुद्दाम कळविले आहे. एक तर माझ्या कानांना आता निम्मेच ऐकू येते. शिवाय फोनवर बोललेले माणूस नंतर नाकारू शकतो, कागद नाकारता येत नाही. म्हणून उत्तर कागदावरच हवे.

आपल्या विहाराचे छप्पर गळते आहे.

हा विहार पूर्वी लूमचा कारखाना होता आणि चैत्र-वैशाखात त्याचा पत्रा असा तापे की पुस्तकांच्या बांधणीचा गोंद वितळे. शीतगृहे बांधणारा पुतण्या घरात असताना हे का सोसावे, असे म्हणून मी तुला पुण्याला लिहिले. तू रेखाचित्र पाठविलेस. त्याप्रमाणे एप्रिलमध्ये पत्र्याखाली चंदेरी कागद आणि उष्णता अडविणारी काचलोकर आली, भिंतींना आतून फळ्या लागल्या, खाली पांढरे सिलिंग आले, दोन एसी बसले. मे महिन्यात मुले तिथे परीक्षेचा अभ्यास करीत आणि मी तुला मनोमन आशीर्वाद देत असे. ते आशीर्वाद आता मागे घेण्याची वेळ आली आहे.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. रोज सायंकाळी ग्रंथपठण असते. तिसऱ्याच दिवशी मी वाचीत असलेल्या पानावर थेंब पडला. मी तो बोटाने पुसला आणि पुढे वाचू लागलो. दुसरा पडला. आठवड्यात सिलिंगवर पिवळे डाग पसरले. परवा उत्तरेच्या भिंतीचे कपाट उघडले. त्यात माझ्या पाली-मराठी कोशाच्या बावीस वह्या आहेत, एकतीस वर्षांचे हस्तलिखित. नववीपासून बारावीपर्यंतच्या चार वह्यांवर काळी बुरशी चढली आहे. पाने एकमेकांना चिकटली आहेत. सोलू गेलो तर अक्षरे या पानावरून त्या पानावर जातात. हे शिकण्यासाठीच का मी अठ्ठ्याहत्तर वर्षे जगलो?

पत्रे चिंधूने बसविले आहेत. त्याला बोलावले. सत्तरीचा माणूस, पण माकडासारखा वर गेला, तासभर हिंडला, खाली येऊन हात पुसत म्हणाला, "मास्तर, पानी वरशी न्हाय येत. पत्रा बरोबर हाय. ह्यो घाम हाय."

मी म्हणालो, "घाम? पत्रा काय नांगर ओढतो?"

बसलेली चार माणसे हसली. तो हसला नाही. "हसा," म्हणाला, "पन घामच हाय."

नीट न शाकारलेले छप्पर आणि नीट न घडविलेले चित्त यांचा प्राचीन दृष्टान्त मी चाळीस वर्षे शाळेत शिकविला. तो माझ्याच डोक्यावर असा ठिबकेल, असे वाटले नव्हते. हा मनुष्य आपली कुचराई झाकण्यासाठी पत्र्याला घाम फोडतो आहे की काय, ते तू अभियंता म्हणून, सही करून, मला लिहून दे.

तुझा,
यादवकाका

२

पुणे
३० जुलै

पूज्य काकांना सविनय जयभीम.

वह्यांचे वाचून फार वाईट वाटले. मी सध्या एका साइटवर अडकलो आहे, म्हणून लगेच येणे शक्य नाही. पण तुम्ही विचारलेत म्हणून स्पष्ट लिहितो.

ड्रॉइंगमध्ये काही उणे नाही. पत्रा जिथे हुकांनी आवळतात तिथे रबरी वॉशर लागतात. जुने कारागीर ते कधी उलटे बसवतात, कधी वाचवतात. चिंधूमामा अनुभवी आहेत, पण त्यांची पद्धत जुनी आहे. माझ्या मते तिथूनच गळत असणार. घामाचे म्हणाल, तर काम ड्रॉइंगप्रमाणे झाले असेल तर तसे होण्याचे कारण नाही.

पावसाळा संपला की येऊन बघतो. तोवर वह्या दुसऱ्या कपाटात हलवा. काकूंना नमस्कार.

आपला,
सुगत

३

कोन
१४ ऑगस्ट

चि. सुगत यास आशीर्वाद.

तुझे पत्र मी श्रावण पौर्णिमेच्या सभेत वाचले.

चिंधू आपल्या समाजाचा नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी प्रत्येक पौर्णिमेला तो येतो आणि दाराशी चपलांजवळ बसतो. पुढे ये म्हटले तर येत नाही. त्या दिवशीही तो तिथेच होता. 'जुने कारागीर वॉशर कधी उलटे बसवतात, कधी वाचवतात' हे वाक्य मी दोनदा वाचले. मग त्याला उभे राहण्यास सांगितले आणि शंभर माणसांसमोर म्हणालो, "चिंधू, ज्या घरात सत्याचा पाठ चालतो, त्या घराच्या छपरात तू असत्य ठोकलेस."

तो उभा राहिला. मग म्हणाला, "मास्तर, तुमाला ठावं हाय तुमी मला काय सांगलावतं." एवढेच. खिरीची भरलेली वाटी त्याने होती तिथे ठेवली आणि निघून गेला.

मला तो उद्धटपणा वाटला. दुसऱ्या दिवशी कळले की कल्याण रस्त्यावर देवेशशेठ जे नवे गोदाम उभारीत आहेत, तिथल्या पत्र्यांच्या कामावरून चिंधूला कमी केले. सभेतली गोष्ट त्यांच्यापर्यंत गेली होती. मला समाधान वाटले, हे लपवीत नाही.

आता मला माझ्या संतापाचे कारण सांगू दे. गेले चार दिवस पाऊस नाही. कडक ऊन आहे, आभाळात ढगाचा कापूस नाही. आणि सिलिंग पूर्वीपेक्षा अधिक ठिबकते! दुपारी, एसी जोरात असताना, उत्तरेच्या बाजूला खाली चार बादल्या ठेवाव्या लागतात. विहाराची देखभाल करणाऱ्या मनोजने पाण्याचे पाइप लावून तासभर पत्रा धुतला. आत एक थेंबही वाढला नाही. कोणते हे छप्पर, जे पावसात कमी गळते आणि उन्हात अधिक?

मी तुझे शब्द शंभर माणसांसमोर माझ्या तोंडाने उच्चारले आहेत. ते खोटे असतील तर माझी जीभ खोटी ठरते. मेहेरबानी करून या वेळी साइटवर अडकू नकोस. विचार करून लिही.

यादवकाका

४

पुणे
२० ऑगस्ट

पूज्य काका, जयभीम.

ते पत्र सभेत वाचण्यासाठी नव्हते. तुम्ही वाचाल अशी कल्पना असती तर मी तसे लिहिले नसते. पहिली गोष्ट ही.

दुसरी. पाऊस नसताना, एसी चालू असताना, भर दुपारी ठिबकते, याचा अर्थ हे पाणी छपरातून येत नाही. ते हवेतून येते. मी घाईत लिहिले. क्षमा असावी.

तुम्हाला सहज पटेल असे सांगतो. एका तांब्यात बर्फाचे पाणी घ्या. तो विहारात ठेवा. एसीने तिथली हवा कोरडी केलेली असते, तांब्या फारसा ओला होणार नाही. तोच तांब्या उत्तरेच्या भिंतीबाहेर धरा. दोन मिनिटांत त्यावरून धारा लागतील. पावसाळ्यात आपल्याकडची हवा पाण्याने जड असते. तिला गार पृष्ठभाग लागला की ती ते पाणी तिथेच टाकते. तुमच्या भिंतीमागे तर सायझिंगचा कारखाना आहे. तिथे सुताला खळ लावून वाफेवर वाळवतात, म्हणजे दिवसभर वाफच वाफ.

आता तुमचे पांढरे सिलिंग म्हणजे तो तांब्या समजा. खालून एसीने ते गार होते. त्याच्या आणि पत्र्याच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा शिरली, तर ती सिलिंगच्या पाठीवर पाणी सोडणार. लोकर भिजणार, मग फळ्या, मग भिंत, मग भिंतीला टेकलेले कपाट. चंदेरी कागद वाफ अडवतो, पण वारा आत येण्याची वाट उघडी असेल तर त्या कागदाचा उपयोग नाही. कागदातून झिरपणारी ओल नगण्य. भोकातून वाऱ्याबरोबर येणारी ओल घागरींनी मोजावी.

म्हणूनच मी ड्रॉइंगवर लाल अक्षरांत लिहिले होते: 'भिंतीच्या माथ्यावरचे कारखान्याच्या काळचे सर्व झरोके विटा आणि सीलंटने संपूर्ण बंद करावेत.' ते बंद आहेत ना? तेवढे कोणाला तरी वर चढवून बघा. उघडे राहिले असतील तर दोष शेवटी चिंधूमामांचाच, आणि सभेतले तुमचे बोलणेही फारसे चुकले असे होणार नाही.

तोवर एसी सव्वीसच्या खाली नेऊ नका.

सुगत

५

कोन
९ सप्टेंबर

चि. सुगत,

वीस दिवस उत्तर दिले नाही. प्रकृती उत्तम आहे. उत्तर न देण्याचे कारण दुसरे होते.

तांब्याचा प्रयोग केला. आत तांब्या कोरडा राहिला. उत्तरेच्या भिंतीबाहेर धरला, तर मनगटापर्यंत ओघळ आले. तुझी काकू द्रौपदी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आता काय ह्या तांब्याचे वॉशर चिंधूभाऊंनी उलटे बसवले?"

झरोके उघडे आहेत. आठही.

ते मी उघडे ठेवविले.

एप्रिलमध्ये चिंधू घमेलेभर सिमेंटचा माल घेऊन शिडीवर चढला, तेव्हा मी खाली उभा होतो. प्रत्येक झरोक्यातून गवताच्या काड्या लोंबत होत्या. चिमण्यांची घरटी. मी ओरडलो, "थांब! ज्या वास्तूत मैत्री आणि करुणेचा पाठ होणार, तिच्या भिंतीत पिले चिणून मारणार काय?" तो म्हणाला, "मास्तर, इंजिनेरानं बंद कराया लिवलंय. आन् खोपं तर..." मी हात वर करून त्याला थांबविले. "चर्चा नको. झरोके उघडे राहतील." तो मालाचे घमेले घेऊन खाली उतरला.

या वीस दिवसांत तीन वेळा मी हे पत्र लिहावयास घेतले आणि तिन्ही वेळा लिहिले की ही गोष्ट मला विस्मरली होती. ते कागद फाडले. झरोक्यांचा पाण्याशी काही संबंध असेल, हे मला ठाऊक नव्हते एवढे सत्य आहे. परंतु सभेत तो 'तुमाला ठावं हाय' म्हणाला, त्या क्षणी मला ती शिडी, ते घमेले आणि माझा वर केलेला हात, सारे आठवले. आठवले आणि मी गप्प राहिलो. त्याच्या मौनावर मी माझे मौन रचले.

आता तुझ्याकडे वळतो, कारण माझा क्रोध एकट्या माझ्यावर संपत नाही. ही कसली तुमची विद्या, जिला आठ चिमण्यांचा भार पेलवत नाही? पूर्वी याच कारखान्यात फरशीवर पाणी शिंपीत, गोणपाटे भिजवून टांगीत, की सूत तुटू नये. त्या ओलाव्यात पंचवीस वर्षे लूम चालले आणि कधी एक थेंब ठिबकला नाही. तुम्ही ते घर डबीसारखे बंद करता, आत हिवाळा आणता, आणि मग एका भोकाने सारे कोसळते! लाल अक्षरांत लिहून तू मोकळा झालास. एकदा येऊन वर पाहिले असतेस, तर माझा हात वर जाण्यापूर्वी तू तो धरला असतास.

काल चिंधूच्या घरी गेलो. दाराशी त्याची सून रीमा आली. "मामा झोपल्येत," म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते आणि आतून त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. मी एक पत्र तिच्या हाती देऊन परतलो. घरी द्रौपदीने विचारले, "भेटले?" मी चपला काढल्या. ती म्हणाली, "चिमण्यांची घरं राखलीत, चिंधूभाऊंचं मोडलंत."



यादव

६

मौजे कोन
१४ सप्टेंबर

मास्तरांना चिंधूचा राम राम.

मी बोलतोय, सून रीमा लिवतेय. जसं बोलतोय तसंच लिव म्हनलंय, सुधरू नको. ह्याच कागदाची दुसरी परत पुन्याला तुमच्या पुतन्याला धाडतोय.

तुमचं पत्र वाचून घेतलं. लई मोठे शबुद हात त्यात. रीमाला पन दोन अडले. तुमी लिवलंय घरी येतो, पाय धरतो. मास्तर, माझे पाय घरात न्हाय धरायचे. तुमी माझं नाव घरात घेतलं काय? शंभर मानसांत घेतलं. जिथं घेतलं तिथं द्या.

तुमी इचारलंय, मी सभेत खरं का न्हाय बोललो. बोललो असतो तर काय झालं असतं? तुमचं तोंड पडलं असतं तुमच्याच लोकांत. पंचेचालीस वर्सं मी तुमाला मास्तर बोलतोय. माझ्या तोंडानं तुमाला खोटं पाडवत न्हाय. मला वाटलं तुमीच बोलाल. मी उभा ऱ्हायलो तवा तुमच्याकडं बघत व्हतो. तुमी कागदाकडं बघत व्हते.

ऐंशी साली तुमच्या वस्तीतल्या जुन्या विहाराचा पयला पत्रा मी टाकला. गावानं बोल लावला, तेंच्यात जाऊन पत्रे टाकतोस म्हनून. माझ्या बायकोला वरीसभर कोनी हलदीला बोलावलं न्हाय. ती रडली, पन मी उतरलो न्हाय शिडीवरशी. तेचं मी कवा काय मागलं? न्हाय. आन् आता देवेशशेठचा मुकादम बोलतो, "चिंधू, तू तर देवाच्या घरात चोरी केलीस, आमच्या गोदामात काय करशील?" सत्तर वर्साच्या मानसाला कोन दुसरं नाव देतंय, मास्तर?

दुसरी गोष्ट पुतन्याला. सुगतसायेब, एप्रिलमंदी त्याच सांजच्याला मी मनोजच्या फोनवरशी तुमाला फोन केलता. इचारलं, मास्तर भोकं उघडी ठेवा बोलतात, काय करू? तुमी जेवत व्हते. तुमी बोलले, "दोन-चार भोकांनी काय होत नाही मामा, काकांचं मन मोडू नका." मी बोललो दोन-चार न्हाय, आठ हात. तुमी बोलले, "चालेल." वॉशर उलटे कोनाचे, ते आता तुमीच ठरवा.

तिसरी गोष्ट. शिडीवर मी तुमाला एक बोलनार व्हतो, तुमी हात वर केला. ती गोष्ट मी कागदावर न्हाय सांगनार. मी शिडी लावतो. तुमी वर चढा. आपल्या डोल्यानं बघा. मंग सभेत काय बोलायचं ते तुमचं तुमाला कलेल.

वय झालं बोलू नका. मी तुमच्यापरीस आठ वर्सांनीच ल्हान हाय.

चिंधू
(अंगठा न्हाय, सही येते. ती तुमीच शिकवलीत.)

७

पुणे
२२ सप्टेंबर

काका,

हो. चिंधूमामांनी फोन केला होता. मी 'चालेल' म्हणालो होतो.

विसरलो होतो असे मीही लिहू शकलो असतो. पण तुमच्या पत्रानंतर ती सोय राहिली नाही. आठ झरोके उघडे ठेवून चालणार नाही हे मला तेव्हाही माहीत होते. तुमच्याशी वाद नको, एवढाच विचार केला. जुलैत तुमचे पहिले पत्र आले तेव्हा पहिल्या ओळीलाच मला झरोके आठवले. म्हणूनच मी 'काम ड्रॉइंगप्रमाणे झाले असेल तर' असे लिहिले. त्या 'तर'मागे मी लपलो आणि मामांना पुढे केले.

पण काका, तुम्ही मला रागावण्याचा हक्क बजावलात, आता माझेही ऐका. तुम्हाला अभियंता हवा होता की साक्षीदार? 'सही करून दे,' असे लिहिलेत, तेव्हा निकाल तुम्ही आधीच दिलेला होता. लहानपणापासून या घरात तुमचा हात वर गेला की सगळे गप्प होतात. बाबा व्हायचे, मी होतो, मामा झाले. तुम्ही कागद मागता, कारण कागद नाकारता येत नाही. आम्ही तुम्हाला हवा तो कागद देतो, कारण तुम्हाला नाही म्हणता येत नाही.

करायचे ते असे: एसी बंद ठेवा. उत्तरेकडचे सिलिंग उघडून भिजलेली लोकर काढून टाका, ती वाळवून परत वापरू नका. पोकळीत पंखा लावून आठ दिवस सुकवा. मग झरोके आतून-बाहेरून बंद करा, चंदेरी कागदाचे सगळे जोड पट्टीने चिकटवा, कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. सभेला येणाऱ्यांच्या ओल्या छत्र्या बाहेर ठेवा.

आश्विन पौर्णिमेला मी येतो आणि माझे पत्र मीच वाचतो.

सुगत

८

कोन
८ ऑक्टोबर

चि. सुगत यास, आणि विहाराच्या फलकावर हे पत्र लावले जाईल तेव्हा ते वाचणाऱ्या सर्वांस,

सुगत, तू आला नाहीस. पुण्याहून कोनला येण्यास गाडी मिळाली नाही, हे तुझे कारण मी सभेला सांगितले नाही. सभा हसली असती आणि मला त्या दिवशी तिथे हसू नको होते. तुझे पत्र मीच वाचले, ज्यात तू मला बोल लावला आहेस त्या ओळींसकट. त्या ओळी खऱ्या आहेत. त्या वाचताना मला संताप आला, हेही खरे आहे.

तू लिहिल्याप्रमाणे भिजलेली लोकर काढून पोकळी सुकविली आणि रविवारी सकाळी चिंधूने उत्तरेच्या भिंतीला शिडी लावली. मला पाहून तो राम राम म्हणाला नाही. शिडी दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाला, "डावा पाय आधी. खाली बघू नका." चौदा पायऱ्या होत्या. नवव्या पायरीवर मी दोन्ही हातांनी शिडी कवटाळली. खालून द्रौपदी म्हणाली, "उतरा हो, पुरे झालं." चिंधू म्हणाला, "वयनी, गप ऱ्हावा. त्यांना बघू द्या."

पहिल्या झरोक्यापाशी तोंड नेले तर सायझिंगच्या वाफेचा लोट मागून मानेवर आला, उकळत्या खळीचा वास असलेला. वारा माझ्या कानाजवळून त्या भोकात शिरत होता. त्याचा आवाज मला या कानांनीही ऐकू आला. मी हात आत घातला. काड्या हाती आल्या, काळ्या पडलेल्या. अंडे नाही, पीस नाही. एक जुनी, दगडासारखी वाळलेली शिट. दुसऱ्या झरोक्यात तेच. चिंधू शिडी सरकवीत गेला आणि मी चढत-उतरत गेलो, आठ वेळा. आठव्या झरोक्याच्या तोंडावर कोळ्याचे जाळे होते, अखंड, वाफेने ओले. त्यातून कित्येक दिवसांत माशीही गेली नसावी.

खालून चिंधू म्हणाला, "आता सांगू काय तिसरी गोष्ट?"

"सांग."

"सायझिंगची वाफ लागली तवापासून चिमनी हितं न्हाय. तीन वर्सं झाली. खोपं रिकामं हात, हेच बोलनार व्हतो मी तुमाला. तुमी हात वर केला."

मी शिडीवरच थांबलो. विहारातल्या मूर्तीचाही उजवा हात वर आहे. तो हात भय दूर करतो. माझा वर गेलेला हात आजवर काय करीत आला, ते मला त्या चौदाव्या पायरीवर कळले. वाळलेल्या गवताला मी अभय दिले होते. जिवंत माणसाला दिले नव्हते. करुणेचे शब्द मी सारे जाणतो. त्यांची व्युत्पत्ती सांगू शकतो. वर चढून पाहिले मात्र नव्हते.

चिंधूने घमेले वर दिले. मी स्वतः विटांचे तुकडे लावले, माल भरला. दोन झरोके झाले तेव्हा तो वर आला, माझे काम थापीने खरवडून काढले आणि पुन्हा भरू लागला. "मास्तर," म्हणाला, "ह्यो पाठ तुमचा न्हाय." त्या दिवसातले त्याचे हे एकच वाक्य, ज्यात मला जुना चिंधू ऐकू आला. उरलेले सहा त्यानेच बुजविले.

पौर्णिमेच्या सभेत मी आसनावर बसलो नाही. दाराशी, चपलांजवळ, जिथे तो बसतो तिथे उभा राहिलो आणि म्हणालो, "श्रावणात मी या माणसाचे नाव घेतले. ते असत्य होते. झरोके मी उघडे ठेवविले. त्याने विचारले, तेव्हा मी त्याला बोलू दिले नाही. तो सभेत उभा होता तेव्हा मला सत्य आठवले आणि मी ते गिळले. या छपरात असत्य कोणी ठोकले असेल तर ते मी." देवेशशेठ मागे उभे होते, मीच बोलावले होते. त्यांचे काम दुसऱ्याला गेले आहे; म्हणाले, पुढे बघू. या 'पुढे बघू'चा अर्थ मला कळतो. त्यांच्या दाराशी मी रोज जाईन. माझ्याइतका कटकट करणारा म्हातारा या तालुक्यात दुसरा नाही, हे त्यांना लवकरच समजेल.

चिंधूची मी क्षमा मागितली. त्याने केली की नाही, ते तो बोलला नाही आणि मी विचारले नाही. खिरीची वाटी त्याने या वेळी घेतली. तिथे खाल्ली नाही. पानाने झाकली आणि "रीमाला आवडते" म्हणून घरी नेली. जाताना माझ्याकडे वळून म्हणाला, "सिलिंगच्या मागचं जोड चिकटवायचं हात. त्या इंजिनेरला बोलवा. आयतवारी. शिडी धरायला."

तेव्हा सुगत, येत्या रविवारी तू येशील. गाडी न मिळाल्यास चालत ये.

चार वह्या गेल्या. त्यांतले शब्द पुन्हा गोळा करायला किती वर्षे लागतील आणि माझ्याजवळ किती आहेत, याचा हिशेब मी करीत नाही. आज सकाळी कोऱ्या वहीचे पहिले पान आखले. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आहे. झरोके बुजल्यापासून छपरातून थेंब नाही. क्रोध मात्र अजून आहे. तो कोणत्या भोकातून आत येतो, ते शोधतो आहे.

हे पत्र जो वाचील त्याच्या डोक्यावरचे छप्पर कोरडे राहो. ज्याच्यावर खोटा बोल आला असेल त्याचे नाव, जिथे गेले तिथेच, त्याला परत मिळो. ज्याचा हात सदैव वर असतो, त्याचा हात खाली येवो आणि त्याच्या कानांना ऐकू येवो. पंख असलेले आणि नसलेले सारे जीव, आपापल्या खऱ्या घरट्यांत, निर्भय राहोत. सर्वांचे मंगल असो.

यादव